दोन गाड्या, एक खळगा

माणूस कसा आहे हे कुणी चेहऱ्यावरून ओळखतं, कुणी हस्ताक्षरावरून. दाभणमामा ओळखायचे ते बुडावरून. हे शब्द त्यांच्या बायकोचे. चारचौघांत ती असं बोलली की मामा लाजायचे, पण ते खोटं आहे असं कधी म्हणायचे नाहीत.

मोटारींच्या सीटा शिवण्यात त्यांची हयात गेली होती. शर्टाच्या कॉलरला कायम एक वाकडं दाभण खोचलेलं असे, म्हणून दाभणमामा. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण त्या पाटीचा रंग कधीच उडून गेला होता आणि तो पुन्हा द्यावा असं कुणाला वाटलं नव्हतं. दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. पुढे शिलाई मशीन, कडेला रेक्झिनचे गठ्ठे, भिंतीला टेकवलेल्या उघड्या सीटा, त्यांच्या स्प्रिंगा बाहेर आलेल्या. मागे राहण्याच्या दोन खोल्या. दोहोंच्या मधल्या दारात मामींची वेताची खुर्ची. तिच्यात बसून त्या भाजी निवडत आणि गिऱ्हाइकांवर शेरे मारत.

जुनी सीट समोर आली की मामा आधी तिच्यावरून तळहात फिरवत. एकदा एका वकिलाची सीट चाचपून त्यांनी सहज विचारलं, "साहेब, गाडी तुम्ही चालवता की दुसरं कुणी? तुम्ही शिडशिडीत आहात, इथे तर चांगला वजनदार माणूस बसतोय." वकीलसाहेब चिडून निघून गेले. आठवड्याने परत आले आणि म्हणाले, "मेहुणा. मी कोर्टात गेलो की." मामी आतून हसल्या त्या तीन घरं पलीकडे ऐकू गेल्या असतील.

अशा माणसाला डॉक्टरांच्या बाईंनी बोलावणं धाडलं.

दातांचे डॉक्टर गावात सगळ्यांना माहीत होते. मामांची अक्कलदाढ त्यांनीच काढली होती. उंच, अंगाने भरलेले, आणि रुग्णाच्या तोंडावर वाकून वाकून उजवा खांदा कायमचा उतरलेला. लांबून येत असले तरी त्या उतरत्या खांद्यावरून कळे, डॉक्टर आले. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. बाई आता त्या घरात एकट्याच होत्या. मुलगा दुसऱ्या शहरात.

बाई लहानखुऱ्या, ताठ, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी मामांना घराच्या पोटातल्या गॅरेजमध्ये नेलं. वर एकच दिवा, ऊन कुठूनच येत नव्हतं. शेजारी शेजारी दोन गाड्या उभ्या होत्या.

एक होती जुनी, दोनच माणसांची, स्पोर्टस् गाडी. पिकल्या टोमॅटोच्या रंगाची, लांब नाकाची, गोल डोळ्यांची, टप काढता येणारी, आणि इतकी बुटकी की शेजारी उभं राहिलं तर तिचं छप्पर कमरेला लागावं. दुसरी नवी, काळी, अवाढव्य. सात माणसांची. तिच्या बॉनेटवर जेवणाचं टेबल मांडता आलं असतं.

"ही त्यांनी तरुणपणी घेतली," बाई बुटक्या गाडीकडे पाहत म्हणाल्या. "आणि ही जायच्या आधी थोडे महिने. गुडघे ऐकेनात. खाली बसलं की उठवायला मला बोलवायचे."

"साहजिक आहे," मामा म्हणाले. "हिच्यात उतरावं लागतं, तिच्यात चढावं लागतं. विहीर आणि माळा."

बाई हसल्या नाहीत. "दोन कामं आहेत. मोठी गाडी मुलगा महिनाअखेरीला घेऊन जाणार. नातवंडं पाय देऊन चढणार, म्हणून त्याला सीटांना कव्हरं हवीत. ते सोपं आहे. पण हे पाहा."

त्यांनी काळ्या गाडीची किल्ली हातात धरली आणि चालकाचं दार उघडलं. आत दिवा लागला. मग कुणीही हात न लावता सीट हलली. घर्रर्र करत ती मागे गेली, खाली गेली, पाठ किंचित कलली, बाहेरचे आरसे आपापले वळले, आणि सगळं थांबलं. समोर एक रिकामी जागा होती, अगदी एका माणसाच्या मापाची. तो माणूस आता बसेल म्हणून गाडी वाट पाहत होती.

मामांनी अशा सीटा पुष्कळ पाहिल्या होत्या. बटण दाबून आपली बैठक गाडीच्या लक्षात ठेवायची, मग किल्ली लांब गेली की सीट पुढे सरकून राहते, जवळ आली की आपसूक त्या जागी जाते. यात नवल काही नाही. तरी त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले, कारण बाई सीटकडे पाहत नव्हत्या. त्या सीटच्या जरा वर पाहत होत्या, जिथे डोकं असतं.

"एक नंबरच्या बटणावर ते आहेत," बाई म्हणाल्या. "रोज संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या वेळेला मी दार उघडते. एवढंच. त्या बटणाला धक्का लागता कामा नये."

"नाही लागणार."

"दुसरं काम ह्या जुनीचं. चालकाच्या सीटचं चामडं उसवलंय, आतला काथ्या बाहेर येतोय. चामडं बदला, काथ्या बदला, काय हवं ते करा. पण त्यांच्या बसण्याचा खळगा आहे, तो जसाच्या तसा राहिला पाहिजे. ती मोठी गाडी मुलगा नेणार. मग मला एवढंच उरतं."

मामा गुडघ्यावर बसले आणि सवयीने त्यांनी बुटक्या गाडीच्या सीटवर तळहात ठेवला. चामडं जुनं, मऊ, बारीक भेगांचं. त्याला पेट्रोलचा आणि लवंगेच्या तेलाचा वास होता. दवाखान्यात असायचं तेच लवंगेचं तेल. खळगा खोल होता.

आणि तो कोमट होता.

मामांनी हात उचलला. शेजारची सीट चाचपली, ती लादीसारखी गार. पुन्हा खळग्यात हात ठेवला. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखी ऊब.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. चामडं चांगलं आहे," मामा म्हणाले.

खळगा जपायचा तर त्याचा साचा घ्यायला हवा. दुसऱ्या दिवशी मामांनी सीटवर पातळ प्लास्टिक अंथरलं, त्यावर कागदाचा ओला लगदा थापला आणि वाळू दिला. वाळल्यावर तो उचलून घरी आणला आणि दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवला. करड्या रंगाचं, बिनडोक्याचं, एका बाजूला कललेलं काहीतरी तिथे बसल्यासारखं दिसू लागलं.

मामी चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहो, हे कुणाचं बूड घरात आणून ठेवलंत?"

"दातांच्या डॉक्टरांचं."

"जिवंत होते तेव्हा दात काढायला बोलवायचे, तुम्ही सहजी जायचा नाहीत. आता गेल्यावर घरी आणलंत होय?" मग त्या जवळ आल्या, वाकून पाहू लागल्या आणि त्यांचं हसू मावळलं. "ह्याला पालथं ठेवा बाई. माझ्याकडे पाठ करून बसलंय, पण ऐकतंय असं वाटतं."

मामांनी साचा पालथा केला नाही. ते त्यावर बोटं फिरवत राहिले. उजवीकडचा उतार डॉक्टरांचा, त्यात शंका नव्हती. खाली रुंद, जड बैठक, तीही त्यांचीच. पण त्या रुंद खळग्याच्या आत आणखी एक खळगा होता. लहान. सरळ. दोन्ही बाजूंना सारखा. पाठ न टेकता ताठ बसणाऱ्या कुणाचा तरी. तो वरचा होता आणि ताजा होता, आणि तो रोज थोडा थोडा पसरून खालच्याला बुजवत चालला होता.

मामांना सीट कोमट का होती ते कळलं. मामा यायच्या जरा आधी बाई तिथे बसल्या होत्या. रोज बसत असणार.

"सांगू का नको?" त्यांनी मामींना विचारलं.

"काय सांगणार? की बाई, तुम्ही नवऱ्याच्या आठवणीत बसता आणि बसून बसून त्यालाच पुसता?" मामींनी भाजीची सुरी खाली ठेवली. "तोंड मिटून शिवा. सगळ्या सीटांचं सगळं सांगायचं नसतं. त्या वकिलाला सांगितलंत, तर बायको माहेरी गेली त्याची."

मामांनी तोंड मिटून आधी काळ्या गाडीची कव्हरं शिवली आणि एका दुपारी ती चढवायला गेले. बाईंनी किल्ली दिली आणि त्या वर गेल्या.

त्या गाडीत काम करणं मामांना कधी आवडलं नाही. बुटक्या गाडीत बसलं की रस्ता बुडाखालून जातो असं वाटतं. खडी, खड्डा, भेगा, सगळं हाडांना कळतं. ह्या मोठीत दार लावलं की जग बंद. बॅटरी उतरू नये म्हणून लावलेल्या चार्जरचा लुकलुकता हिरवा ठिपका सोडला तर कशाची हालचाल नाही, आणि स्वतःचा श्वाससुद्धा दुसऱ्याचा वाटावा अशी शांतता. सीटांवर कुणाची खूण नाही. फेस असा भरलेला की माणूस उठला की दुसऱ्या क्षणी सपाट. जुनी गाडी काही लक्षात ठेवत नाही, पण तिला सगळं लागून राहतं. नवी सगळं लक्षात ठेवते, पण तिला काहीच लागत नाही.

मागच्या सीटा झाल्या. शेवटी चालकाची राहिली. कव्हर ओढून बसवायला सीट पुढे घ्यावी लागली, वर घ्यावी लागली. मामांनी पट्टे आवळले, गाठी मारल्या. सीटखालून तारा जातात. त्या कव्हरात चिमटल्या नाहीत ना, हे पाहायची त्यांची ठरलेली रीत होती. जागा लक्षात ठेवायचं बटण दाबायचं, मग एक नंबर दाबायचा. गाडीने टुण् केलं की तारा ठीक. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाच्या गाडीत त्यांनी हेच केलं होतं, आणि गिऱ्हाईक नंतर आपली बैठक पुन्हा लावून घेई.

टुण् झालं.

तो आवाज कानात शिरला आणि मग मामांना कळलं की आपल्या हाताने काय केलं.

त्यांनी एक नंबर दाबला. सीट हलली नाही. दार उघडून पुन्हा लावलं, किल्ली घेऊन लांब गेले, परत आले, दार उघडलं. सीट जिथे होती तिथेच, पुढे, वर, स्टिअरिंगला नाक लावून. एखाद्या लहान मुलासाठी लावावी तशी. डॉक्टर तिथे नव्हते. आजवर ते ह्या जगात जेवढे उरले होते, तेवढेही मामांनी एका बोटाने पुसून टाकले होते.

बाई दवाखाना बंद व्हायच्या वेळेला खाली येणार होत्या. ती वेळ जवळ आली होती.

अंदाजाने सीट मागे नेता आली असती, पण बाईंना बोटभर फरक कळला असता. जी बाई रोज रिकाम्या जागेकडे पाहते, तिला त्या जागेचा आकार आपल्यापेक्षा पक्का ठाऊक असतो. मग मामांची नजर आतल्या आरशाकडे गेली. बाहेरचे आरसे सीटबरोबर हलतात, पण मधला छोटा आरसा हातानेच फिरवावा लागतो. त्याला मामांनी हात लावला नव्हता, आणि डॉक्टर गेल्यापासून ही गाडी कुणी चालवली नव्हती. म्हणजे तो आरसा अजून डॉक्टरांच्या डोळ्यांसाठी लावलेला होता. डॉक्टर बसत तसं बसून त्या आरशात मागची काच पुरती दिसली, की जागा बरोबर.

पण डॉक्टरांसारखं बसायचं कसं?

ते बुटक्या गाडीकडे गेले. दार उघडून तिच्यात उतरले आणि त्या खळग्यात बसले.

आधी काहीच झालं नाही. बाईंचा खळगा त्यांना पाठीत ताठ धरत होता. त्यांनी डोळे मिटले, अंग सैल सोडलं, आणि हळूहळू ते त्या वरच्या खळग्यातून खाली सरकले. जुन्या काथ्याने कुरकुर केली. मांड्या रुंदावल्या. पोट पुढे आलं. मग उजवा खांदा खाली गेला. मामांनी तो नेला नाही, तो गेला. मान जरा वळली, कुणाच्या तरी उघड्या तोंडात पाहावं तशी. जिभेवर लवंगेची चव आली. हात स्टिअरिंगवर जाऊन बसले आणि अंगठे त्याच्या दोन झिजलेल्या ठिकाणी आपोआप टेकले.

ते उठले तेव्हा गुडघे दुखत होते. मामांचे गुडघे कधी दुखत नसत.

खांदा तसाच ठेवून ते काळ्या गाडीत चढले. मांडीखालची बटणं दाबत सीट मागे नेली, खाली नेली. आरशात आधी नुसतं छत दिसलं. मग काचेची वरची कड. अजून थोडं मागे. पाठ कलवली. आणि एका क्षणी आरशात मागची काच पुरती भरली, चारही कोपरे, चौकटीत बसवावी तशी. मामांनी लक्षात ठेवायचं बटण दाबलं, मग एक.

टुण्.

आरशात, काचेपलीकडे, बाई उभ्या होत्या.

जिन्याचं दार उघडल्याचा आवाज त्यांना आलाच नव्हता. सीटच्या घर्रर्रमध्ये तो बुडाला असणार. मामांच्या बाजूचं दार उघडं होतं आणि त्यातून बाईंचा आवाज आला. अगदी रोजचा, घरातला आवाज.

"अहो, आज लवकर बंद केलात दवाखाना?"

मामांना म्हणायचं होतं, बाई, मी आहे. त्यांनी तोंड उघडलं.

"हो," ते म्हणाले.

आवाज जाड होता. घशाच्या तळातून आलेला.

"बरं," बाई म्हणाल्या. "हात धुऊन घ्या, चहा टाकते." आणि जिन्यावर त्यांची पावलं वर गेली.

मामा तिथेच बसून राहिले. खांदा वर होईना. डाव्या हाताने उजवा खांदा धरून त्यांनी तो उचलला, तेव्हा कुठे ते मामा झाले. मग ते गाडीतून उतरले.

बाई चहाचा एकच कप घेऊन आल्या. तो त्यांनी मामांच्या हातात दिला आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. त्या वेड्या नव्हत्या. डोळे स्वच्छ होते.

"मागून पाहिलं आणि बोलून गेले," त्या म्हणाल्या. "रोजच बोलते मी. लवकर आलात, उशीर झाला, असंच काहीबाही. पण मामा, इतक्या दिवसांत त्यांनी उत्तर कधी दिलं नव्हतं."

मग मामांना गप्प राहवेना. मामींचं ऐकायचं ठरवलं होतं ते गेलं. बटणाचं सांगितलं, आरशाचं सांगितलं. आणि एवढं सांगितल्यावर खळग्याचंही सांगितलं. आत दोन खळगे आहेत, वरचा तुमचा आहे.

बाई बुटक्या गाडीच्या दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"म्हणजे मीच पुसत होते त्यांना."

"पुसलं नाही बाई. तुम्ही वर बसलात. ते खाली आहेत अजून. मी आत्ताच..." मामा थांबले. "आहेत."

"दोन्ही राहतील? माझा आणि त्यांचा? मी बसले तरी ते तसेच राहतील?"

मामांनी विचार केला. तळाला कडक काथ्या घालायचा, त्यावर डॉक्टरांचा आकार दाबून घ्यायचा आणि तो थर आतूनच शिवून बंद करायचा. वर मऊ भरण, बाईंसाठी. वरचं कितीही दबलं तरी खालचं हलणार नाही.

"राहतील," ते म्हणाले.

तसंच त्यांनी केलं. आतला थर शिवताना त्यांनी टाका इतका बारीक घातला की आयुष्यात कुठल्या सीटला घातला नसेल. बाई येऊन बसल्या. पाठ न टेकता, ताठ. थोड्या वेळाने त्यांनी पाठ टेकली आणि डोळे मिटले. मामा दार लावून घेऊन बाहेर पडले. साचा मोडून टाका असं बाईंनी सांगितलं होतं, तो त्यांनी पाण्यात भिजत घातला.

महिनाअखेरीला मुलगा काळी गाडी घेऊन गेला. बाई गाडी पाहायलाही खाली आल्या नाहीत, वरूनच हात हलवला. पुढे काही दिवसांनी मुलाचा दुकानात फोन आला.

"मामा, तुम्ही सीटला काय केलंय? एक नंबरवर मी माझी बैठक लावली. तीनदा लावली. दार उघडलं की ही मागेच जाते. खाली, कललेली. माझे पाय पोचत नाहीत."

"तार चिमटली असेल कव्हरात," मामा म्हणाले. "इकडे आलात की घेऊन या."

त्यांना माहीत होतं की तार चिमटलेली नाही. टुण् वाजलं होतं.

फोन ठेवून ते मशीनपाशी पाठमोरे बसले आणि सुईत दोरा ओवू लागले. संध्याकाळ होती, दिवा अजून लावला नव्हता. मधल्या दारात मामींची पावलं आली आणि थांबली. वेताच्या खुर्चीचा आवाज झाला नाही. त्या बसल्या नाहीत.

"अहो?" मामींनी हाक मारली.

"हो."

मामींनी दाराची चौकट धरली. मग हळूच म्हणाल्या, "एकदा तुमच्या आवाजात म्हणा."

मामांनी खाली पाहिलं. उजवा खांदा मशीनच्या बाजूला उतरला होता. त्यांनी तो डाव्या हाताने धरून सरळ केला, घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाले, "हो गं. मीच आहे."

"हं," मामी म्हणाल्या आणि आत येऊन त्यांनी दिवा लावला. मग खुर्ची ओढून, रोज बसत त्याहून जरा लांब, पण मामांचं तोंड दिसेल अशी बसल्या. खोलीभर लवंगेचा वास होता. दोघांनाही तो येत होता, आणि घरात लवंगा संपल्या आहेत हेही दोघांना माहीत होतं.